पिंजऱ्याबाहेरची राणीची बाग

रविवारी सकाळी भायखळा स्टेशनात पूर्वेला उतरलं की राणीच्या बागेचा रस्ता कुणाला विचारावा लागत नाही. समोरच्या घोळक्याच्या मागे लागायचं. कडेवर एक, बोटाला एक अशी पोरं, खांद्याला डब्यांची पिशवी, गावाहून आलेली एखादी आत्या, आणि सगळ्यांच्या चार पावलं पुढं मोबाइल उंचावून चालणारा कॉलेजातला भाचा. फाटकापाशी तिकिटाची रांग. आत पाऊल टाकलं की सुरक्षारक्षकाला प्रत्येक कुटुंब एकच प्रश्न विचारतं, "पेंग्विन कुठं?" तोही आता बोलत नाही. नुसती मान वळवून दिशा दाखवतो.

त्या दिशेनं निघालेल्या माणसांच्या डोक्यावर सावली धरून जे उभं आहे, त्याच्याबद्दल हा लेख आहे. प्राण्यांबद्दल बरंच लिहून झालंय. पेंग्विनवर तर विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडं बोलून झालंय. पण मुंबईत रेल्वे आली तेव्हा कुठं रोपटी असतील अशा पिढीच्या झाडांखालून आपण गेली कित्येक वर्षं मान खाली घालून, घाईघाईनं, वाघाच्या वासाच्या मागे चालत आलो. वास्तविक ही आधी वनस्पतींची बाग. प्राणी इथं मागाहून आले.

साल २०११. बागेतल्या झाडांची शास्त्रशुद्ध मोजदाद झाली तेव्हा आकडा निघाला ३,२१३ झाडांचा, आणि जाती भरल्या २८६. सगळा परिसर जेमतेम पन्नास एकरांचा. ज्या शहरात माणसाला पाय ठेवायला जागा नाही त्याच्या ऐन मध्यात, गिरण्यांच्या चिमण्या एकेकाळी जिथून दिसायच्या तिथं, जगाच्या चारही कोपऱ्यांतली झाडं शेजारी शेजारी नांदताहेत. मादागास्करची, ब्रह्मदेशची, दक्षिण अमेरिकेची, आफ्रिकेची. आणि आपल्या सह्याद्रीचीही.

सुरुवात उर्वशीपासून करू. हे झाड बघायचं तर थंडी सरता सरता जावं. ब्रह्मदेशातलं हे झाड डॉ. नथॅनिएल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२० च्या दशकात जगापुढं आणलं आणि तेव्हाच्या गव्हर्नर जनरलच्या पत्नीचं, लेडी ॲमहर्स्टचं नाव त्याला दिलं. आपल्याकडं कुणा रसिकानं त्याला उर्वशी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. फांदीवरून फुलांचा लांबलचक देठ खाली सुटतो. त्यावर अंतराअंतरानं तांबडी फुलं, आणि वरच्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, कुणी हळदीचं बोट लावल्यासारखा. फूल वारा आला की झुलतं, नसला तरी झुलल्यासारखं दिसतं. पण मला फुलापेक्षा त्याची कोवळी पानं जास्त नवलाची वाटतात. तांबूस तपकिरी पानांचा घोस फांदीच्या टोकाला असा लोंबतो की झाडाला पाणी मिळत नाही अशी शंका यावी. हात लावला तर पान मऊ, निर्जीव. पुढं त्याच पानात हिरवा रंग भरतो, ताठा येतो. हे झाड बी फारच क्वचित धरतं. रोप तयार करायचं तर गुटी बांधून, माळ्याच्या हातगुणावर. म्हणून ते दुर्मीळ, आणि म्हणूनच एक उर्वशी गेली की नर्सरीतून दुसरी आणून लावू, असं म्हणता येत नाही.

मी त्या झाडाखाली बराच वेळ उभा होतो. शेजारून निदान शंभर माणसं गेली असतील. त्यातल्या एका मुलीनं वर पाहिलं, आईचा पदर ओढला. आई म्हणाली, "चल, वाघ झोपेल."

कैलासपतीचं नशीब जरा बरं. त्याची फुलं खोडावरच येतात, ती नजरेच्या उंचीवर असतात, आणि त्यांचा आकारच असा की हात जोडले जातात. जाड गुलाबी पाकळ्या, मध्ये पिंडीसारखा गोलवा आणि त्यावर केसरांचा झुबका नागाच्या फण्यासारखा वाकलेला. मूळचं झाड दक्षिण अमेरिकेतलं. तिथल्या लोकांना त्यात तोफगोळे दिसले असणार, कारण फळं तशीच गोल, जड, करडी. इंग्रजीत तोच शब्द रूढ झाला. आपण त्यात महादेव पाहिला. फळ पिकून फुटलं की मात्र त्याच्या वासापुढं भाविकही टिकत नाही.

गोरखचिंचेचं खोड बघून लहान मुलं हमखास थांबतात. झाड मूळ आफ्रिकेचं. बुंधा अवाढव्य, आणि आत लाकूड कमी, ओलावा जास्त; कोरड्या मुलखात पाणी साठवायची ती सोय. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याला लांब देठावर पांढरी फुलं लागतात. ती संध्याकाळी उमलतात आणि वटवाघळांच्या भरवशावर असतात. म्हणजे या झाडाचा खरा सोहळा बागेचं फाटक बंद झाल्यावर सुरू होतो. कृष्णवड अगदी वेगळा: वडच, पण प्रत्येक पानाच्या देठापाशी द्रोण झालेला. कृष्णानं चोरलेलं लोणी त्यात लपवलं अशी लोककथा आहे आणि आजीच्या बरोबर आलेल्या नातवाला ती हमखास ऐकावी लागते. मेणबत्तीचं झाड आहे, त्याच्या खोडाला फिकट पिवळ्या मेणबत्त्या लोंबतात. ब्रह्मदंड आहे, रुद्राक्ष आहे, खरा सीतेचा अशोक आहे. सोसायटीच्या कुंपणाला लावतात तो उंच, सरळ अशोक नव्हे, केशरी-तांबड्या गुच्छांचा. जमलं तर कोल्विलिया पाहावा. मादागास्करचा, आपल्या गुलमोहराचा भाऊबंद. गुलमोहर उन्हाळ्यात रंग उधळून मोकळा होतो, हा पावसाळा ओसरल्यावर केशरी घोस सोडतो, आणि तेही जमिनीकडं तोंड करून.

एवढी झाडं एका ठिकाणी आली कशी, याची गोष्ट शिवडीत सुरू होते. १८३० च्या दशकात 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाच्या संस्थेनं तिथं वनस्पतींची बाग केली. हेतू शोभेचा कमी, कामाचा जास्त. बाहेरच्या मुलखातली कुठली पिकं, कुठली लाकडं, कुठली फळं या हवेत रुजतील याचे प्रयोग करायचे. कंपनी सरकारला व्यापार हवा होता. झाडांचं प्रेम त्यात होतं, पण हिशेबाच्या वहीतून आलेलं. पुढं शहर वाढलं आणि गोऱ्यांच्या दफनासाठी जागा कमी पडू लागली. शिवडीची ती जागा स्मशानभूमीला गेली. बागेला माझगावची माउंट इस्टेट मिळाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या पत्नीच्या हस्ते बाग लोकांसाठी खुली झाली आणि राणीच्या नावानं व्हिक्टोरिया गार्डन झाली. लेडी फ्रेअरच्या नावाचा ग्रीक धाटणीचा मंडप अजून बागेत आहे. दुपारी त्याच्या पायऱ्यांवर बसून डबे सोडतात. स्थापत्याचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

ते साल लक्षात ठेवण्यासारखं. अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा असा वाहत होता की शेअरबाजाराच्या नादानं भले भले वेडे झाले. बाग, संग्रहालय, घड्याळाचा मनोरा, सगळं त्या भरतीच्या पाण्यावर तरंगत आलं. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस कोसळला, आणि बरोबर मुंबईचे शेठही. संग्रहालयाचं अर्धवट बांधकाम पैशावाचून अडलं. सरकारनं हात दिला तेव्हा ते पुरं झालं. बाग चालवणाऱ्या संस्थेलाही भार झेपेना. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडं आली. तेव्हापासून आजतागायत ती मुंबईकरांच्या करावर चालते. १८९० मध्ये आणखी १५ एकर जमीन जोडून प्राणिसंग्रहालय थाटलं गेलं, म्हणजे बाग उघडल्यावर तब्बल २८ वर्षांनी.

फाटकातून शिरल्यावर दिसणारं संग्रहालय बहुतेक लोक बाहेरूनच बघतात. आत जावं. लोखंडी खांब, हिरव्या-सोनेरी रंगाचं छत, पायाखाली मिंटनच्या रंगीत फरशा, आणि काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या बाहुल्या: मुंबईतल्या जातीजमाती, त्यांचे पोशाख, पगड्या, धंदे, खेळ. या संग्रहाची सुरुवात फोर्टमधल्या बराकीत झाली होती. १८५७ चं बंड उसळलं, बराकी लष्कराला लागल्या आणि वस्तू अक्षरशः बाहेर फेकल्या गेल्या. त्यानंतर नव्या इमारतीसाठी समिती बसली. अध्यक्ष जगन्नाथ शंकरशेट, चिटणीस डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड. वर्गणी मुंबईच्या लोकांनी दिली. २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' उघडलं तेव्हा नाना शंकरशेट हयात नव्हते. १८६५ मध्येच ते गेले. भाऊ दाजी दोनच वर्षं ते पाहू शकले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधणारे, जुने शिलालेख वाचणारे, मुंबईचे शेरीफ. राणीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या नावाच्या संग्रहालयाला १९७५ मध्ये या माणसाचं नाव मिळालं, हे महापालिकेनं केलेल्या शहाण्या नामांतरांपैकी एक म्हणावं लागेल. इमारतीची दैना झाली होती. इंटॅक, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि महापालिका यांनी मिळून ती पुन्हा उभी केली. २००५ मध्ये युनेस्कोचा गौरव मिळाला. वारसा जपायचं मनावर घेतलं तर महापालिकेला जमतं, हे तिथं दिसतं. पुढं त्याची आठवण लागेल.

संग्रहालयाच्या बाहेर काळ्या दगडाचा एक हत्ती उभा आहे. घारापुरीच्या बेटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळं पडलं तो हाच. पोर्तुगीज उतरले तेव्हा तो तिथं किनाऱ्याजवळ होता. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं. यारीनं उचलायला गेले, यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा राहिला. सांधे अजून दिसतात. त्याच्याजवळ फोटो काढायला फारसं कुणी थांबत नाही, कारण पोरांना सोंड हलवणारा हत्ती हवा असतो. ज्यांचं बालपण साठ-सत्तर सालातलं, त्यांना तर हत्तीच्या पाठीवरची फेरी आठवते. हौद्यात बसल्यावर पोटात येणारा गोळा आठवतो.

स्वातंत्र्यानंतर शहरातल्या चौकांतून जे पुतळे हलले त्यांचंही हे निवृत्तीचं ठिकाण झालं. काळा घोडा मूळचा ज्याच्यामुळं, तो घोड्यावरचा प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये चौकातून उचलून इथं आणला. चौकाचं नाव मात्र तिथंच राहिलं. इतकं की २०१७ मध्ये तिथं नवा घोडा बसवला, स्वार वगळून. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, मॅथ्यू नोबलनं घडवलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही इथंच. याच पुतळ्याला १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी डांबर फासून जोड्यांची माळ घातली होती. ज्या राणीचं नाव बागेला, तिला शहरानं आधी डांबर फासलं, मग निवांत कोपरा दिला. आता बागेचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि तिथं जिजामाता व बाळ शिवाजीचा पुतळाही आहे. बसचा कंडक्टर मात्र अजून "राणीबाग, राणीबाग" असंच ओरडतो.

गिरणगावाला या बागेचं काय होतं, हे लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या कुणालाही विचारावं. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, पाळीची नोकरी, आठवड्याला एक सुट्टी. कोकणातून पाहुणा आला की त्याला मुंबई दाखवायचा कार्यक्रम ठरलेला: राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट, जमलं तर राजाबाई टॉवर. त्यातही राणीची बाग चालत जाण्यासारखी. भाकरी-भाजी बांधून घ्यायची, दिवसभर झाडाखाली पसरायचं. माणिक-मोती दाखवणारं शहर कामगाराला फुकटात किंवा नाण्यांत देत होतं ते एवढंच: समुद्र आणि ही सावली. गिरण्या गेल्या, चिमण्यांच्या जागी मनोरे आले, पण चाळी अजून सगळ्या गेलेल्या नाहीत, आणि खोल्याही काही मोठ्या झालेल्या नाहीत.

२००७ मध्ये महापालिकेनं या बागेचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचं ठरवलं. बँकॉकच्या सल्लागार कंपनीचा आराखडा, खर्च ४३३ कोटी. आराखड्यात देशोदेशींचे प्राणी होते, त्यांचे खंदक होते, काचेच्या भिंती होत्या, खाण्यापिण्याच्या जागा होत्या. झाडं मात्र जणू कागदावरची मोकळी जागा. झाड तोडलं नाही तरी मारता येतं. शेजारी खंदक खणला, मुळं कापली, बुंध्याभोवती काँक्रीट ओतलं की दोन-तीन पावसाळ्यांत ते आपोआप वाळतं, आणि मग धोकादायक म्हणून रीतसर काढता येतं. मुंबईच्या पदपथावर हे आपण रोज बघतो.

हे ओळखलं ते काही बायकांनी. शुभदा निखार्गे, हुतोक्षी रुस्तमफ्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन' ही चळवळ उभी केली. घोषणा कमी, अभ्यास जास्त. माहितीच्या अधिकारात कागद काढले, आराखड्यावर झाडं बसवून दाखवली, वारसा समितीपुढं बाजू मांडली. वर सांगितलेली झाडांची मोजदाद याच कामातून आली आणि बागेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, २०१२ मध्ये, तिचं पुस्तक झालं. झाड मोजलं, नाव दिलं, कागदावर आणलं की त्याला बेवारस म्हणून काढता येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. ४३३ कोटींचा आराखडा मागे पडला, त्याजागी कितीतरी आटोपशीर योजना आली. बागेत आज उर्वशी उभी आहे ती काही प्रमाणात या बायकांच्या फायलींमुळं, असं मी म्हणेन. नागरी चळवळी हरतात असंच आपल्याला वाचायची सवय आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

नव्या योजनेतले पेंग्विन आले जुलै २०१६ मध्ये, दक्षिण कोरियातल्या सोलहून, आठ. हम्बोल्ट जातीचे; पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, थंड सागरी प्रवाहाच्या कडेला राहणारे. त्यांतला एक काही महिन्यांतच दगावला आणि राजकारण पेटलं. मार्च २०१७ पासून लोकांना ते बघता येऊ लागले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मलेलं पहिलं पिल्लू आठवड्याभरात गेलं. पुढची काही मात्र जगली. काचेआड त्यांच्यासाठी गारवा राखलेला असतो. दाराशी रांगेत घामानं निथळणारी माणसं आत गेल्यावर त्या गारव्यानंच अर्धी खूश होतात. पोरं काचेला नाक लावतात, पेंग्विन सूर मारतो, किंकाळ्या. त्यांचा आनंद खोटा नाही, आणि मी त्यावर नाक मुरडणार नाही. पिंजरे सुधारले, प्राण्यांना बरी जागा मिळाली, गर्दी आणि उत्पन्न वाढलं, हेही मान्य करायला हवं.

माझं भांडण तिकिटाशी आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून मोठ्या माणसाचं तिकीट पाच रुपयांवरून थेट पन्नास झालं. मुलांचं पंचवीस. आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून शंभर. शंभर रुपये मुंबईत फार नाहीत, असं कुणी म्हणेल, आणि महिन्यातून एकदा येणाऱ्याला ते नाहीतही. पण कुटुंब चौकोनीच असतं हे कुणी ठरवलं? गावाहून आत्या आली की दीडशे. आणि ज्याला पेंग्विन बघायचेच नाहीत, दुपारी तासभर झाडाखाली बसायचं आहे, वनस्पतिशास्त्राची वही घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला पानं बघायची आहेत, भायखळ्याच्या पाळीवरून सुटलेल्या कामगाराला पाठ टेकायची आहे, त्यानंही तेवढंच द्यायचं. बागेचं तिकीट आणि प्राण्यांचं तिकीट एकच करून टाकल्यानं मुंबईची सगळ्यात जुनी सार्वजनिक बाग व्यवहारात फक्त प्राणिसंग्रहालय झाली. २००७ च्या आराखड्याला जे साधलं नव्हतं, ते तिकिटखिडकीनं थोडंफार साधलं.

उपाय अवघड नाही. पेंग्विनचं दार वेगळं आहे, वाघाचा मार्गही आखता येतो. त्यांचं तिकीट त्यांच्या दाराशी घ्यावं, हवं तर आणखी दहा रुपये जास्त घ्यावं. बाग पाच रुपयांत किंवा फुकट खुली ठेवावी. झाडांवर मराठीत, मोठ्या अक्षरांत पाट्या लावाव्या: नाव, मुलूख, फुलायचा महिना. कुठलंही नवं बांधकाम काढायच्या आधी त्याच्या आड येणाऱ्या मुळांचा नकाशा लोकांपुढं ठेवावा. शेजारच्या गिरणीच्या जमिनीवर प्राणिसंग्रहालय वाढवायच्या योजना आहेतच; वाढवायचं ते तिकडं वाढवा, जुन्या बागेत नको. जे संग्रहालयाच्या इमारतीसाठी करता आलं ते उर्वशीसाठी करायला पैसाही कमी लागेल.

तोवर वाचकांनी एवढं करावं. बुधवार सोडून कुठल्याही दिवशी जावं, बुधवारी बाग बंद असते. साडेनऊला तिकीट सुरू होतं, तेव्हाच पोचावं. गर्दी अकरानंतर उसळते. फाटकातल्या रक्षकाला पेंग्विन विचारू नये. कैलासपती कुठं, गोरखचिंच कुठं, असं विचारावं. त्याला ठाऊक नसेल तर पालापाचोळा झाडणाऱ्या माळ्याला विचारावं, तो हातातला खराटा बाजूला ठेवून झाडापर्यंत घेऊन जातो. आणि बाहेर पडताना महापालिकेच्या उद्यान विभागाला दोन ओळींचं पत्र लिहावं की बागेचं तिकीट वेगळं करा. अशी पत्रं शंभरेक गेली तर त्यांची नोंद घ्यावी लागते.